साखरेच्या वजनाची भूल

शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या लेकीचं सीझर निलंग्याला, उदगीरला नाहीतर लातूरला झालं, की आयाबायांचा प्रश्न ठरलेला: "कंबरेत सुई दिली का गं?" मग पुढं कधीही कंबर धरली तरी आळ त्या सुईवरच.

त्या सुईची करामत तर ऐका. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या मणक्याच्या आसपासच संपतो. सुई जाते त्याच्याही खाली, साधारण तिसऱ्या-चौथ्या मणक्यांच्या फटीतून. तिथं पाण्यासारख्या द्रवात नसांचे सुटे धागे तरंगत असतात. त्या द्रवात सोडायचं जेमतेम २ मिलिलिटर बुपिव्हॅकेन हे भुलीचं औषध, आणि त्यात चक्क साखर मिसळलेली! गोडीसाठी नव्हे, वजनासाठी. पाण्यात काकवी तळाला जावी तसं हे जड औषध उताराकडं सरकतं; टेबल कलतं करून भूल कुठवर चढवायची ते भूलतज्ज्ञ सांभाळतात. आधी पाय ऊबदार होतात, मग स्पिरिटच्या बोळ्याचा गारवा कळेनासा होतो, मग पाय उचलत नाहीत. पोटात ओढाताण जाणवते, दुखत नाही. बाळाचा पहिला टाहो आई जागेपणी ऐकते. १८९८ साली जर्मनीत ऑगस्ट बियर यांनी अशी भूल पहिल्यांदा दिली, ती कोकेनची.

काही तासांत भूल उतरते आणि टाके बोलू लागतात. शिवाय बाळ अंगावर पिऊ लागलं की पोटात कळ येते. ती ऑक्सिटोसिन या संप्रेरकाची: सुमारे किलोभराचं गर्भाशय सहा आठवड्यांत शंभर ग्रॅमच्या आत आणायचं काम ते करत असतं. दुसऱ्या खेपेला ही कळ जास्त.

पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन वेगळ्या वाटांनी दुखणं अडवतात, म्हणून डॉक्टर बहुधा दोन्ही देतात. दुखायची वाट न बघता, घड्याळ लावून घ्यायच्या या गोळ्या. दुधात त्यांचा अगदी किरकोळ अंश उतरतो. बाळाला बाधेल म्हणून गोळी उशाखाली सारणारी बाळंतीण दुखण्यापायी उठत नाही, आणि न उठणाऱ्या पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती वाढते.

सुईची जागा चार दिवस हुळहुळते, इतकंच. कंबर धरते ती नऊ महिन्यांच्या ओझ्यानं, सैल पडलेल्या सांध्यांनी आणि वाकून पाजण्यानं. उठून बसलं की डोकं ठणकत असेल, तर मात्र डॉक्टरांना सांगा.

बाजेखालच्या शेगडीबद्दल एक सांगणं: टाक्यांभोवतीची कातडी कित्येक महिने बधिर राहते, चटका कळत नाही. तिथं शेक नको. आणि ताप आला, टाक्यांतून पू आला, रक्तस्राव वाढला किंवा एकच पोटरी सुजली, तर सवा महिना पुरा व्हायची वाट न बघता दवाखाना गाठा.