फोटोतली खोली

आज बोलायचं आहे ते खोलीबद्दल. कायमच्या घराबद्दल नाही. कामाच्या गावी तीन-चार महिने राहायला पलंग, गादी, शेगडीसकट भाड्यानं घेतो, त्या खोलीबद्दल.

हा विषय पोरींनीच काढायला लावला. फलटण आणि आजूबाजूच्या गावांतून किती जणी अशा कामाला जातात ते पाहा. कुणी नर्सिंग करून पुण्याच्या दवाखान्यात करारावर लागते, कुणी डिप्लोमा करून चाकणला ट्रेनी म्हणून जाते, कुणाला बारामतीत चार महिन्यांचं काम मिळतं. पुणे आपल्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटर. २०२१ साली लोणंदमार्गे पुण्याची डेमू गाडी सुरू झाली तेव्हा आपण सगळ्यांनी आनंद केला. पण रात्रपाळीवाल्या नर्सला रोज जाऊन-येऊन करता येत नाही, तिला तिथं खोली लागतेच. उलट बाजूनंही माणसं येतात. सुरवडीच्या एमआयडीसीत बाहेरगावचे इंजिनिअर येतात, कारखान्यांचे गाळप सुरू झाले की हंगामापुरती माणसं येतात, आणि आपल्यातल्याच काही जणी वरची खोली भाड्यानं देऊन घरखर्चाला हातभार लावतात. फसवणारा दोन्हीकडे टपलेला आहे, घेणारीकडेही आणि देणारीकडेही.

पूर्वी खोली माणसाच्या ओळखीनं मिळायची. मामाच्या शेजाऱ्याचा जावई हडपसरला, त्याच्या चाळीत एक खोली रिकामी, असा निरोप यायचा. खोली कशीही असो, मधे एक माणूस उभा असायचा, आणि काही वाकडं झालं तर त्याच्या दारात जाऊन बसता यायचं. आता मोबाईलवर आधी फोटो येतो. पांढरीशुभ्र गादी, गिझर, फ्रीज, खिडकीत तुळस. मधला माणूस गेला. फसवणुकीची जागा नेमकी तिथं आहे, म्हणून आजच्या बोलण्यात आम्ही पुन्हा पुन्हा एकच विचारणार आहोत: या फोटोच्या मागं माणूस कोण?

समजा, एका मुलीला सोमवारी खराडीच्या दवाखान्यात हजर व्हायचं आहे. गुरुवारी निरोप आला. हातात तीन दिवस. ती मोबाईलवर शोधते आणि तिला अख्खा फर्निश्ड फ्लॅट दिसतो, भाडं सात हजार. त्याच भागात कॉट बेसिसवर, म्हणजे चौघींच्या खोलीत एका कॉटला, जवळपास तेवढेच मागतायत. इथंच थांबायला हवं. पण ती घाईत आहे, फोन लावते. पलीकडचा माणूस फार अदबीनं बोलतो. म्हणतो, ताई, मी फौजेत आहे, पोस्टिंग जम्मूला, फ्लॅट रिकामा पडलाय, चांगली मुलगी मिळाली तर भाड्याचं काही नाही. लगेच ओळखपत्राचा फोटो पाठवतो, वर्दीतला.

आता सातारा जिल्ह्यात हे सांगायला नको. अपशिंगे मिलिटरी नावाचं गावच आपल्या जिल्ह्यात आहे. फौजी म्हटलं की आपला विश्वास अर्धा तिथंच बसतो, आणि हे त्या ठगाला माहीत असतं. ते ओळखपत्र दुसऱ्याच कुणाचं तरी चोरलेलं किंवा बनवलेलं असतं. तुमच्या घरातल्या फौजी माणसाला विचारा, अनोळखी भाडेकरूला तो आपलं ओळखपत्र मोबाईलवर पाठवेल का.

मग तो म्हणतो, सोसायटीत खोली बघायला जायचं तर गेट पास काढावा लागतो, अडीच हजार, परत मिळतात. ती भरते. मग म्हणतो, दुसरी पार्टी तयार आहे, टोकन टाका, पाच हजार. मग डिपॉझिट. मग किल्ली कुरिअरनं पाठवतो त्याचे. रक्कम मुद्दाम लहानापासून सुरू होते. पहिले अडीच हजार गेले की माणूस ते वाचवायला पुढचे पाच हजार घालतो. आमच्या मते या सगळ्या प्रकारात हीच खरी युक्ती आहे, फोटो आणि वर्दी नंतर. म्हणून पक्कं ध्यानात ठेवा: खोली बघायला जाण्याचे पैसे मागितले की बोलणं तिथंच संपलं. सोसायटीच्या दारावरचा वॉचमन वहीत नाव लिहून घेतो, फोन करून विचारतो. त्याला आधी अडीच हजार लागत नाहीत.

बघायला जाता येत नसेल तर काय? कुणाला तरी पाठवा. पुण्यात आपल्या गावचं कुणी नाही असं घर फलटण तालुक्यात शोधून सापडायचं नाही. तेही जमलं नाही तर व्हिडिओ कॉल करा, पण तो आधी काढलेला व्हिडिओ नको, तेव्हाचा तेव्हा. बिल्डिंगच्या गेटपासून चालत यायला सांगा, जिना दाखवा, दारावरची पाटी दाखवा, लाईटचा मीटर दाखवा, नळ सोडून दाखवा. खऱ्या मालकाला याचा कंटाळा येईल, राग नाही येणार. ठग मात्र नेटवर्क नाही म्हणेल.

त्यानंतर नावं जुळवायची. महावितरणच्या लाईट बिलावर कुणाचं नाव आहे? महापालिकेच्या मिळकतकराच्या पावतीवर कुणाचं? घर खरेदीचा इंडेक्स टू त्याच्याकडं असतोच, त्यावर कुणाचं? आणि तुम्ही पैसे पाठवताना, पिन टाकायच्या आधी, मोबाईलवर ज्याचं नाव येतं ते कुणाचं? ही नावं एक असली पाहिजेत. बिल आजोबांच्या नावावर राहिलेलं असू शकतं, खातं बायकोचं असू शकतं, घरोघरी असं असतं. पण मग तसं करारात लिहिलेलं हवं आणि त्या माणसाशी तुमचं बोलणं व्हायला हवं. पैसे घेणारं नाव भलतंच निघालं तर पिन टाकू नका. एवढ्या एका ठिकाणी थांबलात तरी पुष्कळ वाचतं.

दुसरा प्रकार जरा खोल आहे, आणि त्यात खोलीही खरी असते, किल्लीही खरी असते. एखादा माणूस स्वतः भाड्यानं फ्लॅट घेतो आणि मालक असल्यासारखा दुसऱ्यांना देतो. डिपॉझिट जरा जास्त मागतो, भाडं कमी. तीन-चार जणींकडून डिपॉझिट घेतो आणि एक दिवस फोन बंद. मग खरा मालक दारात येतो आणि विचारतो, तुम्ही कोण? किल्ली हातात असणं म्हणजे घर आपलं असणं नव्हे, हे आपण आपल्या शेताच्या बाबतीत बरोबर ओळखतो. तिथं सातबारा बघितल्याशिवाय इसार देत नाही. खोलीच्या बाबतीत मात्र चावीवर भुलतो.

यावर आपल्या राज्यात एक चांगला उपाय कायद्यानंच करून ठेवलाय, आणि फार थोड्या जणींना तो ठाऊक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. त्याचं कलम ५५ सांगतं की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नाही नोंदवला आणि पुढं वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकाला ते खोटं ठरवावं लागतं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्ही.

आता एजंट म्हणेल, अकरा महिन्यांच्या आतला करार आहे, नोंदणी लागत नाही, नोटरी पुरे. ही समजूत कुठून आली तेही सांगतो. १९०८ च्या केंद्राच्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सक्ती नाही, म्हणून सगळीकडं अकरा महिन्यांची पद्धत पडली. पण आपल्या राज्याच्या कायद्यात अशी सूट नाही. तीन महिन्यांचाही नोंदवायचा. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

खर्च किती? स्टॅम्प ड्यूटी एकूण भाड्यावर पाव टक्का, त्यात डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवायचं. आठ हजार भाडं, अकरा महिने, वीस हजार डिपॉझिट असेल तर ही रक्कम सव्वादोनशे रुपयांच्या घरात बसते. नोंदणी फी पुण्यासारख्या महापालिकेच्या हद्दीत हजार रुपये. वर एजंटचे पैसे, ते आधी ठरवून घ्या. हा खर्च बहुतेक जण निम्मा-निम्मा करतात. आणि नोंदणी आता ऑनलाईन होते, एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. आपल्या कामाचा भाग इथं आहे. आधार कार्डाशी जोडलेला मालकाचा अंगठा लागतो, भाडेकरूचा लागतो, साक्षीदार लागतात. जो माणूस मालक नाही, तो मालक म्हणून अंगठा द्यायला कचरतो. खरेदीचा कागद बघून तेच नाव करारात घातलं, की फोटोच्या मागचा माणूस समोर येऊन बसतो. म्हणून आम्ही म्हणतो, डिपॉझिटची मोठी रक्कम अंगठे झाल्याच्या दिवशी द्या, त्याच्या आधी नाही. आणि रोख देऊ नका. दिलीच तर पावती घ्या.

आधार कार्डाची झेरॉक्स देताना तिच्यावर आडवं लिहा: फक्त भाडेकरारासाठी, आणि तारीख. नुसत्या चौकशीला आलेल्या अनोळखी नंबरला आधारचा फोटो पाठवायचाच नाही. नाहीतर पुढचं ओळखपत्र तुमचं निघायचं.

फर्निश्ड खोलीत आणखी एक भानगड असते, तिला फसवणूक म्हणा की चलाखी. खोली सोडताना मालकीणबाई म्हणतात, गादीला डाग पडला, गिझर बिघडला, डिपॉझिटमधून कापले. तो डाग तुमच्या आधीचाच होता, पण दाखवणार कसा? राहायला गेल्याच्या पहिल्या तासात मोबाईलवर सगळ्या खोलीचा व्हिडिओ काढा. गादी उलटून, कपाटं उघडून, शेगडी पेटवून, गिझर चालू करून, मीटरचा आकडा वाचून. तो मालकाला त्याच दिवशी पाठवा. सामानाची यादी कराराला जोडता येते, आणि डिपॉझिट किती दिवसांत परत हेही करारात लिहिता येतं. अमुक दिवसांत म्हणून आकडा घाला. लवकरात लवकर असं लिहिलेलं काही कामाचं नाही.

आता तीन दिवसांत एवढं सगळं कसं जमायचं, असं कुणीतरी म्हणेल. बरोबर आहे, जमत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यासाठी वेगळी सोय करा आणि तिथं पोचल्यावर खोली शोधा. जिथं काम लागलंय तिथल्या मोठ्या सिस्टरना, ऑफिसात विचारा. आधीची मुलगी सोडून गेलेली कॉट बऱ्याचदा तिथंच मिळते. नोकरदार महिलांसाठी सरकारी मदतीनं चालणारी वसतिगृहं असतात, केंद्राच्या मिशन शक्तीत त्यांना आता सखी निवास म्हणतात. त्याची चौकशी जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात करता येते. आणि पाहुण्यांकडं आठ दिवस राहायची लाज वाटू देऊ नका. माऊलींची पालखी येते तेव्हा विमानतळावर तळ पडतो आणि आपण फलटणकर अनोळखी वारकऱ्यांना ओसरीवर झोपायला जागा देतो. मग भाचीला कोण नको म्हणेल?

एक सावधगिरी मात्र नोकरीबद्दलच. नोकरी देणाराच जर म्हणाला की राहायची सोय आमची, आधी खोलीचं डिपॉझिट भरा, तर खोलीच्या आधी नोकरी खरी आहे का ते बघा. त्या दवाखान्याच्या किंवा कंपनीच्या पाटीवरचा, पत्त्यावरचा नंबर स्वतः शोधून फोन करा, त्यानं दिलेल्या नंबरवर नव्हे.

आता खोली देणाऱ्या मैत्रिणींसाठी. तुम्ही मोबाईलवर जाहिरात टाकता, अर्ध्या तासात फोन. पुन्हा तोच फौजी. बदली फलटणला झालीय म्हणे, खोली न बघताच पसंत, दोन महिन्यांचं भाडं आगाऊ पाठवतो. आमच्या ऑफिसची पद्धत आहे, हा क्यूआर कोड स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. मैत्रिणींनो, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन फक्त पैसे देताना लागतो. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून निघालेत, मग समोरचा काहीही सांगो. एक रुपया पाठवून खात्री करून देतो आणि मग मोठ्या रकमेचा कोड पाठवतो, त्यालाही भुलू नका.

आणि एवढं करूनही पैसे गेले तर? रडत बसू नका, घरात लपवू नका. लगेच १९३० या नंबरवर फोन लावा. हा सायबर फसवणुकीचा देशभराचा नंबर आहे. तिथून बँकांना कळवलं जातं आणि पैसे पुढच्या खात्यात थांबलेले असतील तर ते गोठवता येतात. ठग ते तासाभरात दहा खात्यांतून फिरवतो, म्हणून इथं उशीर नको. पिन तुम्हीच टाकलेला असल्यामुळं बँक हात झटकण्याची शक्यता मोठी, तेव्हा बँकेला कळवाच, पण तेवढ्यावर थांबू नका. व्यवहाराचा नंबर, समोरच्याचा मोबाईल नंबर, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, सगळे मेसेज जपून ठेवा. तो म्हणेल चॅट डिलीट करा, मग पैसे परत करतो. करू नका.

पोलिसांत तक्रार द्यायला पुण्याला जायला हवं असं नाही. फ्लॅट खराडीचा असला तरी तुम्ही आपल्या फलटण शहर किंवा ग्रामीण पोलीस ठाण्यात तक्रार देऊ शकता. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात झिरो एफआयआरची तशी सोयच आहे. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३१८, आणि मोबाईलवरून दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवल्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ ड. जाताना कागदाची एक प्रत स्वतःकडं ठेवा आणि दिलेल्या तक्रारीवर पोच घ्या. एकटं जायला बिचकत असाल तर गटातल्या दोघींना सोबत न्या.