ओठाआडची जखम

जयगडच्या शाखेत मी अधिकारी होतो तेव्हाची गोष्ट. एक गृहस्थ भरणा करायला आले. सोबत सहाएक वर्षांचा पुतण्या. त्याचा वरचा ओठ चांगलाच सुजला होता. मी विचारण्याआधीच काका म्हणाले, "धक्क्यावर पडला, साहेब." दिवस पावसाळ्याचे, धक्का निसरडा, मला पटले. मी मुलाला लिमलेटची गोळी दिली. त्याने काकांकडे पाहिले आणि ती खिशात टाकली. पुढच्या आठवड्यात ओठ बरा दिसला. मी विसरून गेलो.

तो खरोखर पडलाही असेल. पण गुडघा, कोपर, हनुवटी, कुठेच खरचटलेले नव्हते. चेकवरची सही नमुन्याशी ताडून पाहणाऱ्या मला तेवढे ताडून पाहता आले नाही!

वरचा ओठ उचलला की त्याला हिरडीशी जोडणारा पातळ पडदा दिसतो. तोंडावर फटका बसला किंवा रडणाऱ्या बाळाच्या तोंडात चमचा जबरीने कोंबला, तर तो फाटू शकतो. चालायला शिकणारे मूल पडले तरीही फाटतो. म्हणून एवढ्यावरून कुणाला गुन्हेगार ठरवू नये. पण जे बाळ अजून रांगतही नाही, त्याला ही जखम झाली कशी, हे विचारलेच पाहिजे. ओठांच्या कोपऱ्यांवरचे वळ, तोंडातला चटका, दर वेळी बदलणारी हकीकत, डॉक्टरकडे नेण्यात झालेला उशीर, हेही नजरेआड करू नये.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ डॉ. हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली मारहाण झालेल्या मुलांवर लेख लिहिला आणि घरातला मार डॉक्टरांच्या चर्चेत आला. आपल्याकडे केंद्र सरकारच्या २००७ च्या अहवालासाठी महाराष्ट्रासह १३ राज्यांतील मुलांशी बोलणे झाले. दर तिघांपैकी दोघांनी मार खाल्ला होता.

तोंडातली जखम लवकर भरते. थोड्याच दिवसांत खूण उरत नाही. म्हणून वेळेवर पाहावे, मुलाला बाजूला घेऊन मायेने विचारावे, डॉक्टरांना दाखवावे. शंका उरलीच तर १०९८ हा नंबर फिरवावा. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली ही सेवा आता सरकार चालवते; फोनला पैसे पडत नाहीत. शंका खोटी ठरली तर आनंदच आहे.

त्या दिवशी भरण्याची पावती देताना मी एवढेच विचारायला हवे होते, "गोळी का नाही रे खाल्लीस?"