संमिश्र पदार्थांचे शिणवटा-आयुर्मान

तंतुप्रबलित संमिश्र पदार्थावर ठराविक प्रतिबल पुनःपुन्हा लादले असता भंगापूर्वी जितकी आवर्तने पूर्ण होतात, त्या संख्येस शिणवटा-आयुर्मान म्हणतात. एकदाच आलेला जो भार पदार्थ सहज पेलतो, तोच लक्षावधी वेळा आल्यास पदार्थ तुटू शकतो. जर्मन अभियंते आउगुस्ट व्होलर (१८१९–१९१४) यांच्या रेल्वे-आसांवरील प्रयोगांमुळे या विषयाच्या पद्धतशीर अभ्यासाचा पाया घातला गेला.

स्वरूप : धातूत बहुधा एक प्रमुख तडा वाढत जातो. काचतंतू व रेझीन यांच्या संमिश्रात मात्र रेझिनात सूक्ष्म तडे पडणे, थर सुटणे व तंतू तुटणे अशा क्रिया एकमेकींत गुंतून चालतात. हवेचे बुडबुडे व तंतूंचा बाक प्रत्येक तुकड्यात निराळे असतात. त्यामुळे एकाच साच्यातील तुकड्यांची आयुर्माने समान भाराखालीही दहापटींनी भिन्न असू शकतात.

सांख्यिकीय प्रतिमान : म्हणून आयुर्मान ही एक संख्या न मानता तिचे वंटन (विभागणी) अभ्यासतात. स्वीडिश अभियंते वालोडी वायबुल (१८८७–१९७९) यांचे वंटन यासाठी विशेष रूढ आहे. त्यात मापप्राचल व आकारप्राचल अशी दोन प्राचले असतात. मापप्राचलाइतकी आवर्तने होईपर्यंत सु. ६३ टक्के तुकडे भंगलेले असतात. आकारप्राचल जितके लहान तितका विखुरलेपणा अधिक. समजा, दोन पदार्थांचे मापप्राचल १० लाख आवर्तने आहे. आकारप्राचल ४ असल्यास ९५ टक्के तुकडे सु. ४·८ लाख आवर्तने टिकतील. ते २ असल्यास केवळ सु. २·३ लाख. अभिकल्पात म्हणून सरासरीपेक्षा अशा खात्रीच्या मूल्यास महत्त्व असते. चाचणी थांबेपर्यंत न तुटलेले तुकडेही गणनेतून वगळता येत नाहीत. वगळल्यास आयुर्मानाचा अंदाज चुकतो.

उपयोग : बालाघाटची डोंगररांग बीड व धाराशिव जिल्ह्यांतून लातूर-नांदेडकडे जाते. बीड व धाराशिव जिल्ह्यांतील तिच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या आहेत. अशा चक्क्यांची पाती मुख्यतः काचतंतू-संमिश्राची असतात. मिनिटास १५ फेऱ्यांनी अखंड फिरणारे पाते २० वर्षांत सु. १६ कोटी फेऱ्या घेते व प्रत्येक फेरीत त्याच्या स्वतःच्या वजनाने पडणाऱ्या भाराची दिशा उलटते. सेकंदास ५ आवर्तनांच्या वेगाने इतकी चाचणी घेण्यास एक वर्ष लागेल. वेग फार वाढविल्यास रेझीन तापून निष्कर्ष बिघडतात. यामुळे अधिक भाराखालील अल्पकालीन चाचण्यांवरून दीर्घ आयुर्मानाचे अनुमान करावे लागते. प्रत्यक्षात वाऱ्याचा भार सतत बदलतो. निरनिराळ्या भारांनी झालेल्या हानीची बेरीज करण्याचा पामग्रेन (१९२४) व माइनर (१९४५) यांचा नियम सोपा आहे; परंतु तो भारांचा क्रम विचारात घेत नाही. संमिश्रांत हा क्रम महत्त्वाचा ठरू शकत असल्याने या नियमाच्या जोडीला सुरक्षा-गुणक व संपूर्ण पात्याची चाचणी आवश्यक ठरते.