विमानविद्येच्या आरंभाविषयीचे काही गैरसमज

विमानाचा शोध राइट बंधूंनी लावला, हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेले असते. परंतु त्या दोघांनी नेमके काय शोधून काढले असे विचारले, तर बहुतेक जण सांगतात की त्यांनी पंखांच्या एका सांगाड्यावर इंजिन बसवले आणि तो सांगाडा उडाला. या उत्तरात त्यांच्या कर्तृत्वाचा खरा गाभाच हरवतो, आणि विमानाच्या इतिहासाविषयी रूढ असलेले पुष्कळसे गैरसमज याच एका समजुतीच्या पोटी जन्मास आलेले आहेत.

आकाशात गेलेली पहिली माणसे ती, हा त्यांपैकी सर्वांत ढोबळ समज. पॅरिसमध्ये माँगोल्फिए बंधूंच्या उष्ण हवेच्या फुग्यातून माणसे १७८३ सालीच वर गेली होती, आणि जर्मनीत ऑटो लिलिएन्थाल याने स्वतः बांधलेल्या पंखांवर टेकडीवरून सुमारे दोन हजार वेळा तरंगत उतरून, अखेर १८९६ च्या ऑगस्टमध्ये अशाच एका उड्डाणात झालेल्या अपघाताने प्राण गमावले होते. राइट बंधूंचा हक्क त्याहून मर्यादित आहे आणि म्हणूनच तो निर्विवाद ठरतो: हवेपेक्षा जड, स्वतःच्या यंत्रबळावर चालणारे आणि आतील माणसाच्या पूर्ण ताब्यात राहणारे विमान प्रथम त्यांनी उडवले.

यातील ‘ताब्यात राहणारे’ हे पद सर्वांत महत्त्वाचे होय. इंजिन पुरेसे समर्थ झाले की उड्डाण आपोआप साधेल, असे त्या काळच्या कित्येक विद्वानांनाही वाटत असे. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख सॅम्युएल लँग्ली यांना अमेरिकेच्या युद्धखात्याने पन्नास हजार डॉलर मंजूर केले होते, त्यांच्या विमानावरील इंजिन ५२ अश्वशक्तीचे, म्हणजे त्या काळी विलक्षणच होते. आणि तरीही पोटोमॅक नदीतील नौकेवरून सोडलेले ते विमान ७ ऑक्टोबर १९०३ रोजी आणि पुन्हा ८ डिसेंबर रोजी सरळ पाण्यात गेले. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी जे विमान उडाले, त्याचे इंजिन राइट बंधूंच्या दुकानातील चार्ली टेलर या कारागिराने घडवलेले, जेमतेम १२ अश्वशक्तीचे होते. लँग्लींचा अधिक्षेप करण्याचा हेतू येथे नाही, कारण त्यांच्या मनुष्यविरहित वाफेच्या प्रतिकृतीने १८९६ सालीच सुमारे एक किलोमीटरचा पल्ला गाठला होता. परंतु वाऱ्याच्या एका झोताने पंख कलला तर आतल्या माणसाने काय करावे, या प्रश्नाला त्यांच्या यंत्रापाशी पुरेसे उत्तर नव्हते. राइट बंधूंनी १८९९ पासून आधी हाच प्रश्न हाती घेतला. सायकलच्या ट्यूबचा रिकामा, लांबट पुठ्ठ्याचा खोका हातात सहज पिळता पिळता विल्बरच्या ध्यानात आले की पंखांची टोके अशीच परस्परविरुद्ध दिशांना पिळता आली, तर विमानाचा तोल चालकाला हवेतल्या हवेत सावरता येईल. पुढे या पिळण्याला त्यांनी हलत्या सुकाणूची जोड दिली, आणि १९०२ च्या ग्लायडरवर, म्हणजे इंजिनाला हात लावण्यापूर्वीच, हा मूळ प्रश्न सोडवला.

ते दोघे अल्पशिक्षित सायकल-दुरुस्तीवाले होते आणि नशिबाने त्यांना हात दिला, ही दुसरी समजूत मला अधिक अन्यायाची वाटते. शालान्त प्रमाणपत्र दोघांपाशीही नव्हते, हे खरे. परंतु १९०१ च्या ग्लायडरने अपेक्षेप्रमाणे भार उचलला नाही, तेव्हा त्यांनी जे केले ते शास्त्रज्ञाचेच काम होते. लिलिएन्थालसारख्या मान्यवराच्या कोष्टकांवर आणि शतकाहून अधिक काळ वापरात असलेल्या वायुदाबाच्या गुणकावर त्यांनी शंका घेतली. डेटन येथील दुकानात त्यांनी सहा फूट लांबीची एक लाकडी पेटी उभारली, तिच्या एका तोंडाशी पंखा बसवला, आणि करवतीची जुनी पाती व सायकलच्या आऱ्यांची तार यांपासून असा नाजूक तराजू तयार केला, की त्यावर पत्र्याचा लहानसा पंख टांगून वाऱ्याच्या उचलीचे माप काचेतून वाचता यावे. सुमारे दोनशे आकारांचे पंख असे तपासून पाहिल्यावर त्यांच्या वहीत जे आकडे जमले, तसे त्या वेळी जगात अन्यत्र कोठेही नव्हते. विमानाला पुढे ढकलणाऱ्या पंख्याची पाती म्हणजे फिरता पंखच होय, हा विचार करून त्यांनी ती गणिताने घडवली.

यानंतर येते १७ डिसेंबर १९०३ ची सकाळ. नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर किटी हॉकजवळच्या वाळूत डबकी गोठली होती, आणि ऑर्व्हिल खालच्या पंखावर पालथा पडून विमान चालवीत असता विल्बर पंखाचे टोक धरून धावत होता. पहिले उड्डाण १२ सेकंदांचे व १२० फुटांचे. त्याच दिवशीचे चौथे, विल्बरचे, ५९ सेकंदांचे व ८५२ फुटांचे. जीवरक्षक ठाण्यातील जॉन डॅनियल्स याने, पूर्वी कधी कॅमेरा हाताळलेला नसताना, पहिल्या उड्डाणाचे छायाचित्र टिपले.

ते विमान यांत्रिक गोफणीने हवेत फेकले होते, म्हणून पहिलेपणाचा मान ब्राझीलच्या सांतोस-द्युमाँ यांचा, असा एक आक्षेप आजही ऐकू येतो. वस्तुतः १९०३ साली सपाट वाळूवर मांडलेला साठ फुटांचा लाकडी रूळ आणि समोरून येणारा जोराचा वारा यांखेरीज दुसरे साहाय्य नव्हते. वजन खाली सोडून विमान ओढणारा मनोरा त्यांनी १९०४ च्या सप्टेंबरात प्रथम वापरला. सांतोस-द्युमाँ यांनी १२ नोव्हेंबर १९०६ रोजी पॅरिसला २२० मीटर उड्डाण केले, ते हजारो डोळ्यांदेखत, आणि त्यांचे धैर्य वंदनीयच आहे; परंतु त्याआधी वर्षभर, ५ ऑक्टोबर १९०५ रोजी, विल्बर डेटनजवळच्या कुरणावर ३९ मिनिटे घिरट्या घालून २४ मैल उडाला होता. युरोपची खात्री मात्र ८ ऑगस्ट १९०८ रोजी पटली, जेव्हा ल मान्स येथे विल्बरची सफाईदार वळणे फ्रेंच वैमानिकांनी प्रत्यक्ष पाहिली.

उरतो तो आपल्या घरचा दावा, आणि त्याविषयी मौन पाळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर ‘मरुत्सखा’ हे विमान उडवले, न्यायमूर्ती रानडे व सयाजीराव महाराज त्या प्रसंगी हजर होते, आणि ‘केसरी’त त्याचे वृत्त आले, असे आवर्जून सांगितले जाते. प्रथम हे ध्यानात घ्यावे की या कथेतील विमानही मनुष्यविरहितच आहे. तेव्हा ती अक्षरशः खरी मानली, तरी राइट बंधूंच्या हक्काला तिने बाध येत नाही. दुसरे असे, की ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाशी या विमानाचे नाते जोडले जाते, तो १९१८ ते १९२३ या काळात कागदावर उतरला, आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली त्याची छाननी करून, तो १९०४ पूर्वीचा नाही व त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष नोंदवला. तळपद्यांची जिज्ञासा मी थोर मानतो. परंतु त्या दिवसाचा तारखेनिशी छापील दाखला, आराखडा वा प्रत्यक्षदर्शीची समकालीन नोंद आजवर पुढे आलेली नाही, आणि तोवर हा दावा शाबीत झाला असे म्हणता येणार नाही. ज्यांच्या घरी त्या काळची मराठी वृत्तपत्रे, रोजनिशा किंवा पत्रव्यवहार जपून ठेवलेला असेल, त्यांनी ती दप्तरे एकवार उघडून पाहावीत, आणि काही आढळल्यास मूळ कागद एखाद्या अभिलेखागाराकडे तपासणीसाठी सोपवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.