परवानगी देणारे तेच, तपासणारेही तेच

दोन महिन्यांतून एकदा दिल्लीत तीन सचिवांनी एकत्र बसावे, असा नियम आहे. मंत्रिमंडळ सचिव अध्यक्ष, सोबत विधी आणि दूरसंचार खात्यांचे सचिव. केंद्र सरकारने दिलेले फोन टॅपिंगचे आदेश त्यांच्यापुढे येतात आणि प्रत्येक आदेश कायद्याला धरून आहे का, हे त्यांनी पाहायचे असते. डेटा संरक्षणाच्या कायद्याचा मसुदा करणाऱ्या न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८च्या अहवालात या कामाचा आवाका मांडला आहे. माहिती अधिकारातून बाहेर आलेल्या आकड्यांवरून, एकेका बैठकीपुढे १५ ते १८ हजार आदेश असतात, असे समितीने नोंदवले. तिघेही सचिव चहापाण्यालासुद्धा न उठता आठ तास बसले, तरी एका आदेशाच्या वाट्याला पुरते दोन सेकंदही येत नाहीत.

पोलिसांनी कोणाचाच फोन ऐकू नये, असे कोणी म्हणत नाही. अपहरण झालेल्या मुलाचा माग काढायचा किंवा स्फोटाचा कट हाणून पाडायचा, तर ऐकावेच लागेल. चिंता वाटते ती या साखळीची. फोन ऐकण्याची मागणी सरकारी यंत्रणा करते, परवानगी गृहसचिव देतात आणि ती योग्य होती का, हे सचिवच तपासतात. राज्यातही हेच, फक्त तिथे मुख्य सचिव अध्यक्षस्थानी. या साखळीत न्यायाधीश कुठेही नाही.

ही व्यवस्था इतकी वर्षे कशी टिकली, हे समजून घेण्यासारखे आहे. फोन ऐकण्याचा अधिकार १८८५च्या टेलिग्राफ कायद्यातून आला. ‘सार्वजनिक आणीबाणी’ किंवा ‘सार्वजनिक सुरक्षितता’ यांचा प्रश्न असेल तरच तो वापरावा, अशी अट त्यात होती. वापरायचा कसा, याचे नियम मात्र शंभराहून अधिक वर्षे झालेच नाहीत. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६मध्ये निकाल दिला, तेव्हा न्यायालयाची पूर्वपरवानगी सक्तीची करावी, अशी मागणी झाली होती. कायद्यात तशी तरतूद नाही, असे सांगून न्यायालयाने ती मान्य केली नाही आणि सरकारचे नियम होईपर्यंतची सोय म्हणून सचिवांची समिती सुचवली. ती सोयच पुढे कायम झाली. २००७च्या नियमांत तीच आली. जुना टेलिग्राफ कायदा बाजूला सारून २०२३मध्ये नवा दूरसंचार कायदा केला, डिसेंबर २०२४मध्ये त्याखालचे नियम आले. त्यातही तेच सचिव, तीच समिती. एकशे अडतीस वर्षांनी कायदा नव्याने लिहिण्याची संधी आली होती. ती हातची घालवली.

मुंबईतले दोन खटले शेजारी ठेवून पाहावेत. पहिला साठच्या दशकातला. शहराच्या कॉरोनरने, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, एका डॉक्टरकडे लाच मागितल्याचा आरोप होता. दुसऱ्या एका डॉक्टरच्या संमतीने पोलिसांनी त्याच्या फोनला टेपरेकॉर्डर जोडून संभाषण नोंदवले. १९७२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून स्वीकारले. निरपराध नागरिकाच्या संभाषणाला संरक्षण आहे, ते गुन्हेगारासाठी नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. पण माणूस गुन्हेगार आहे की निरपराध, हे फोन ऐकण्याआधी कोणाला कसे कळणार? या प्रश्नाला त्या निकालात उत्तर नव्हते.

दुसरा खटलाही लाचेचाच. सीबीआयने मुंबईतल्या एका उद्योजकाचे फोन २००९-१०मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आदेशांवरून ऐकले होते. ऑक्टोबर २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते तिन्ही आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितली. लाचखोरीचा आरोप गंभीर असला तरी तेवढ्याने ‘सार्वजनिक सुरक्षितता’ धोक्यात येत नाही आणि हेतू चांगला म्हणून बेकायदा मार्ग चालवून घेता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असे नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ला एकमताने सांगितले होते, त्याचा हा थेट परिणाम. सरकारला खासगीपणात शिरायचे असेल तर त्याला कायद्याचा आधार हवा, उद्देश रास्त हवा आणि उपाय उद्देशाच्या प्रमाणात हवा, ही त्या घटनापीठाची कसोटी.

तरीही एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. या उद्योजकाला फोन ऐकले गेल्याचे कळले, कारण सीबीआयने त्याच्यावर खटला भरला. ज्यांचे फोन ऐकले आणि काहीच सापडले नाही, त्यांना कोणी कळवत नाही. तसे कळवण्याची तरतूदच आपल्या कायद्यात नाही. शिवाय कामकाजाला गरज नसेल तर या आदेशांच्या नोंदी दर सहा महिन्यांनी नष्ट करायच्या असतात. म्हणजे १९७२च्या निकालाने ज्याला संरक्षण देऊ केले, त्या निरपराध माणसालाच न्यायालयात जाण्याची वाट नाही. जर्मनीत टेहळणी संपल्यावर, तपासाला धोका उरला नाही की संबंधिताला कळवण्याची तरतूद आहे. ब्रिटनने २०१६च्या कायद्यात मंत्र्याच्या परवानगीवर न्यायिक आयुक्ताच्या मंजुरीचे दुसरे कुलूप घातले आणि किती परवाने दिले याचे आकडे दरवर्षी जाहीर होतात. दहशतवादाची झळ या देशांनाही बसली आहेच.

वैयक्तिक डेटाच्या कायद्याकडून म्हणूनच फार आशा होती. श्रीकृष्ण समितीच्या मसुद्यात राष्ट्रीय सुरक्षेसाठी सूट होती, पण संसदेने केलेल्या कायद्याने अधिकार दिलेला असावा आणि कृती आवश्यक व प्रमाणात असावी, या अटींसह. २०१९च्या विधेयकात त्या अटी सैल झाल्या. न्या. श्रीकृष्ण यांनी स्वतः त्यावर जाहीर टीका केली. ते विधेयक २०२२मध्ये मागे घेतले गेले. ऑगस्ट २०२३मध्ये संमत झालेल्या कायद्याच्या कलम १७नुसार देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे कारणांसाठी केंद्र सरकार एखाद्या सरकारी यंत्रणेला अधिसूचना काढून पूर्णपणे कायद्याबाहेर ठेवू शकते. ‘आवश्यक’ आणि ‘प्रमाणात’ हे शब्द तिथे उरलेले नाहीत. खासगी कंपनीने डेटा सांभाळण्यात कुचराई केली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड. सूट मिळालेल्या यंत्रणेला या कायद्याखाली जाबही विचारता येत नाही.

याच कायद्याच्या शेवटी, कलम ४४मध्ये, माहिती अधिकार कायद्यातली एक दुरुस्ती आहे. मला ती सर्वांत जास्त खुपते. माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे)नुसार, जिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा जिच्यामुळे खासगीपणावर विनाकारण आक्रमण होते, अशी वैयक्तिक माहिती पूर्वी नाकारता येत होती. संसदेला किंवा विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारू नये, असे वाक्यही तिथे होते. हे सगळे गेले. ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच कारण उरले. नोव्हेंबर २०२५पासून ही दुरुस्ती लागू आहे. माजी केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांच्यासारखे लोक तिच्याविरुद्ध बोलत आहेत. अण्णा हजारेंच्या आंदोलनाच्या रेट्याने महाराष्ट्राने केंद्राच्या आधी स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता. इथल्या गावांत रोजगार हमीचा हजेरीपट आणि घरकुलाची यादी मागवून खोटी नावे उघडी पाडणारे कार्यकर्ते आहेत. नावाशिवाय हजेरीपट तपासणार कसा? आणि नाव तर वैयक्तिकच.

कलम ८(२) शाबूत आहे, त्यामुळे जनहितासाठी माहिती देता येईल, असा सरकारचा युक्तिवाद आहे. तो चुकीचा नाही, पण भार कोणावर टाकला ते पाहावे. माहिती मागणाऱ्याला कारण विचारू नये, असे कलम ६(२) सांगते. आता जनहित कसे आहे, हे पटवण्याची जबाबदारी व्यवहारात त्याच माणसावर येणार. म्हणून यापुढे असा अर्ज करताना सुरुवातीलाच कलम ८(२)चा उल्लेख करावा, कोणता सार्वजनिक पैसा किंवा कोणता सरकारी निर्णय तपासायचा आहे ते दोन ओळींत लिहावे. नकार आला तर तीस दिवसांत पहिले अपील आणि त्याच्या निर्णयानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करावे. आयोग या कलमाचा अर्थ कसा लावतात, हे अशा अपिलांवरच ठरणार आहे.