त्याआधी काय होतं?

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांकडे एखादं मूल स्वाक्षरी मागायला आलं, की ते त्याला विज्ञानातला प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवायला सांगत. उत्तराखाली त्यांची सही मिळे. विश्वाची गोष्ट ऐकलेल्या मुलाला तर एक प्रश्न हमखास पडतो : महास्फोटाच्या आधी काय होतं? नारळीकरांचं उभं आयुष्य याच प्रश्नाच्या सोबतीनं गेलं.

दूरच्या दीर्घिका आपल्यापासून लांब जात आहेत आणि जी जितकी दूर, तितका तिचा वेग अधिक, हे एडविन हबल यांनी 1929मध्ये दाखवलं. म्हणजे पूर्वी सगळं जवळजवळ होतं. त्यावरून बेल्जियमचे धर्मगुरू आणि गणिती जॉर्ज लमेत्र यांनी 1931मध्ये सुचवलं, की विश्व एका ‘आदिअणू’पासून सुरू झालं असावं.

फ्रेड हॉयल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांना ते पटलं नाही. गावातली म्हातारी माणसं जातात, नवी जन्माला येतात, गाव मात्र भरलेलंच राहतं. विश्वही तसंच आहे, असं त्यांनी 1948मध्ये मांडलं. दीर्घिका पांगतात, मधल्या जागेत अगदी सावकाश नवा पदार्थ तयार होतो आणि विश्वाचं रूप बदलत नाही. त्याला आरंभ नाही, अंतही नाही. हा स्थिर स्थिती सिद्धांत. ‘बिग बँग’, म्हणजे महास्फोट, हे नावही हॉयल यांनीच 1949मध्ये बीबीसी रेडिओवरच्या भाषणात विरोधी मताला दिलं.

शून्यातून पदार्थ कसा येईल, हा आक्षेप दोन्ही मतांना लागू होता. एकात सगळा पदार्थ एकदम येतो, दुसऱ्यात थोडा थोडा. हॉयल आणि केंब्रिजमधले त्यांचे विद्यार्थी नारळीकर यांनी 1960च्या दशकात त्यावर गणिती उत्तर शोधलं. पदार्थ घडवणारं क्षेत्र ऋण ऊर्जेचं मानलं, तर पदार्थाला लागणारी ऊर्जा तिथून मिळते आणि ऊर्जेचा हिशेब कुठेच चुकत नाही.

निकाल मात्र निरीक्षणांनी द्यायचा होता. मार्टिन रायल यांच्या मोजणीत क्षीण, म्हणजे दूरचे आणि जुन्या काळातले, रेडिओ स्रोत स्थिर स्थितीच्या अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. 1965मध्ये आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांनी आकाशाच्या प्रत्येक दिशेनं येणाऱ्या सूक्ष्मतरंगांचा शोध जाहीर केला. त्यांचं तापमान निरपेक्ष शून्याच्या जेमतेम तीन अंश वर आहे. एके काळच्या प्रखर उष्णतेची ती उरलेली ऊब. नेहमीच्या पदार्थात वजनानं सुमारे एक चतुर्थांश हेलियम आहे आणि तो सगळा ताऱ्यांत तयार झालेला असणं अवघड, हे तर हॉयल यांनीच रॉजर टेलर यांच्यासोबत 1964मध्ये दाखवलं होतं.

स्थिर स्थिती मागे पडली, पण तिच्या शोधात मोठं धन हाती लागलं. मूलद्रव्यं महास्फोटाशिवाय कुठे घडतात, याचा पाठपुरावा करताना हॉयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1957मध्ये ताऱ्यांच्या भट्टीत कार्बनपासून लोखंडापर्यंत आणि त्याहून जड द्रव्यं कशी शिजतात, ते उलगडलं. आज ते सर्वमान्य ज्ञान आहे. नारळीकर पुण्यात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था उभारत असतानाही आरंभाच्या प्रश्नाशी झुंजत राहिले. 1993मध्ये हॉयल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासोबत त्यांनी आकुंचन-प्रसरण पावणाऱ्या विश्वाचं नवं प्रारूप मांडलं. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी ते स्वीकारलं नाही.

मग आरंभ सिद्ध झाला का? इथे जपून बोलायला हवं. सुमारे 1,380 कोटी वर्षांपूर्वी विश्व अतितप्त आणि अतिदाट होतं, याचे भक्कम पुरावे आहेत. तो क्षणच आरंभ होता, हे त्यातून निघत नाही. आणखी मागे गेलं, की आइनस्टाइनच्या समीकरणांत घनता अनंत होते. तिथे समीकरणं थकतात. विश्व तिथे सुरू झालं, असा त्याचा अर्थ नाही. ‘महास्फोट’ या शब्दानंही फसगत होते. रिकाम्या पोकळीत काही फुटलं असं नव्हे, अवकाशच ताणलं गेलं.

‘शून्यातून’ हा शब्द त्याहून निसरडा. एडवर्ड ट्रायॉन यांनी 1973मध्ये सुचवलं, की पदार्थाची धन ऊर्जा आणि गुरुत्वाकर्षणाची ऋण ऊर्जा मिळून विश्वाची बेरीज शून्य असू शकते. म्हणून विश्व निर्वातातल्या क्वांटम चढउतारातून उपजलं असेल. पण त्या निर्वातात क्षेत्रं आहेत, नियम आहेत. त्याला काहीच नसणं कसं म्हणायचं? अलेक्झांडर व्हिलेन्किन यांनी 1982मध्ये अवकाश आणि काळही नसलेल्या अवस्थेपासून सुरुवात केली, तरी क्वांटम नियम गृहीत धरावेच लागले. ते नियम कुठून आले?

प्रकाशाच्या साहाय्यानं आपल्याला पहिल्या सुमारे 3 लाख 80 हजार वर्षांत डोकावता येत नाही; तेव्हाचं विश्व अपारदर्शक होतं. गुरुत्वीय लहरींना तो पडदा अडवत नाही. आद्य लहरींची खूण शोधण्याचे प्रयत्न म्हणूनच चालू आहेत. तोवर त्या पोस्टकार्डावर प्रामाणिकपणे इतकंच लिहिता येईल : बाळा, विश्व कधी काळी अतिशय तापलेलं होतं, हे आम्ही मोजून सांगतो. त्याआधीचं अजून मोजता आलेलं नाही. ते तू मोज.