दुसऱ्या हाताचे टाके

सीअर्स, रोबक या अमेरिकन कंपनीने 1933 साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने क्विल्टची देशव्यापी स्पर्धा भरवली. ऐन मंदीचे दिवस होते, आणि पहिले बक्षीस होते 1,200 डॉलरचे. कित्येक घरांची वर्षाची कमाई तेवढी नव्हती. सुमारे 24 हजार क्विल्ट आले. पहिला नंबर केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनच्या मार्गारेट केडन यांच्या क्विल्टने पटकावला आणि तो क्विल्ट राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांना भेट म्हणून गेला. पुढे काही दशकांनी मेरिके वाल्डवोगेल आणि बार्बरा ब्रॅकमन या दोन संशोधिकांनी या स्पर्धेचा पाठपुरावा केला, त्यावर 1993 मध्ये पुस्तक लिहिले, आणि तेव्हा खरी गोष्ट सर्वांसमोर आली. केडनबाईंनी त्या क्विल्टात एकही टाका घातलेला नव्हता. त्यांचे दुकान होते आणि त्यांच्यासाठी आसपासच्या बायका मजुरीवर काम करत. कापड जोडणे, उठाव भरणे, क्विल्टिंग करणे ही सगळी कामे या बायकांची. बक्षिसातला वाटा त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही, आणि काम पुन्हा त्याच दुकानातून मिळायचे असल्याने कोणी तोंडही उघडले नाही. या सगळ्या प्रकरणात यंत्र कुठेच नव्हते. क्विल्ट हातानेच शिवलेला होता, परीक्षक त्याच्या बारीक टाक्यांवरच भाळले होते. फक्त हात दुसऱ्यांचे होते.

हे प्रकरण मुद्दाम आधी सांगितले, कारण दुसऱ्यांचे क्विल्ट यंत्रावर पुरे करून देण्याच्या व्यवसायावर अमेरिकेत गेली चाळीसेक वर्षे जो वाद चालू आहे, तो मला चुकीच्या जागी मांडलेला वाटतो. क्विल्ट म्हणजे तीन पदर. वर तुकड्यांची जोडणी केलेला टॉप, मध्ये कापसाचे किंवा लोकरीचे भरण, खाली अस्तर. हे तिन्ही पदर एकत्र धरून ठेवणारे टाके म्हणजे क्विल्टिंग. आपल्याकडच्या वाकळीत ठिगळे लावणे आणि धावदोरा घालणे ही दोन्ही कामे बहुधा एकाच हाताने, एकाच वेळी होतात. पाश्चात्त्य क्विल्टात मात्र टॉप आणि क्विल्टिंग ही दोन वेगळी कामे आहेत, वेगळ्या वेळी होणारी आणि वेगळे कौशल्य मागणारी. टॉप मांडीवर घेऊन, फावल्या वेळात, थोडा थोडा करता येतो. क्विल्टिंगला खोली अडवणारी चौकट लागते, भरणाला पैसे लागतात आणि महिनोन्‌महिने बैठक लागते. म्हणून टॉप स्वतः करायचा आणि क्विल्टिंग दुसऱ्याकडून पैसे देऊन करून घ्यायचे, ही रीत यंत्राच्या कितीतरी आधीची आहे. त्या दुसऱ्या हाताला मोबदला काय मिळतो आणि त्याचे नाव कुठे लिहिले जाते, हा खरा प्रश्न आहे. आणि या प्रश्नाच्या बाबतीत यंत्राने बिघडवण्यापेक्षा सुधारणाच अधिक केली, असे माझे म्हणणे आहे.

आधी रीतीबद्दल. इंग्लंडच्या उत्तरेला, नॉर्थंबरलंडमधल्या ॲलनहेड्स गावात जॉर्ज गार्डिनर नावाचे दुकानदार होते. लोक त्यांच्याकडे कापड पाठवत आणि ते निळ्या पेन्सिलीने त्यावर वेलबुट्टी आखून देत. त्यांची शिष्या एलिझाबेथ सँडरसन यांनी हाच धंदा पुढे चालवला. त्यांच्या हातची आखणी दूरदूर गेली, पण टाके घालणाऱ्या भलत्याच. वेल्समध्ये क्विल्टिंग करणाऱ्या बायका शेतवाडीवरून शेतवाडीवर जात, घरातच मुक्काम करत, जेवूनखाऊन त्या घरचे क्विल्ट पुरे करत आणि पुढची वाट धरत. डरमच्या खाणपट्ट्यात खाणकामगारांच्या विधवा क्विल्ट-भिशी चालवत: आठवड्याला थोडे थोडे पैसे द्यायचे आणि नंबर लागला की क्विल्ट घ्यायचा. 1928 पासून ब्रिटनच्या रूरल इंडस्ट्रीज ब्यूरोने या दोन भागांतल्या बायकांना शहरी गिऱ्हाइके मिळवून द्यायला सुरुवात केली, आणि 1932 मध्ये लंडनच्या क्लॅरिजेस हॉटेलच्या नव्या भागासाठी त्यांच्याकडून क्विल्ट करून घेतले गेले. तिथे झोपलेल्या पाहुण्यांपैकी किती जणांना खाणपट्ट्यातल्या त्या हातांची कल्पना होती, याचा अंदाज करणे अवघड नाही. अमेरिकेत चर्चच्या महिला मंडळांचा हिशेब आणखी गमतीचा होता. त्या क्विल्टिंगचा दर दोऱ्यावर लावत, किती वार दोरा लागला त्यावर. आणि आपल्याकडचा पिंजारी दुसरे काय करत होता? धनुकली घेऊन दारात यायचा, कापूस पिंजायचा, गादी-दुलई भरायचा, लांब सुईने टाके घालून द्यायचा. त्या दुलईवर कधी कोणी पिंजाऱ्याचे नाव शोधले नाही.

आता यंत्राबद्दल. इलायस होवे यांचे शिलाई यंत्राचे पेटंट 1846 चे, सिंगर यांचे 1851 चे. सिंगरचे यंत्र सुरुवातीला सव्वाशे डॉलरच्या घरात होते, आणि सामान्य कुटुंबाला ते घेता यावे म्हणून कंपनीने 1856 पासून हप्त्यांची सोय केली. एवढे महाग यंत्र घरात आल्यावर ते लपवायचे कशाला? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले असे क्विल्ट आहेत ज्यांत यंत्राची शिलाई मुद्दाम वर, ठळक दिसेल अशी घातली आहे. तो मिरवण्याचा टाका होता. हॅरिएट पॉवर्स यांचे उदाहरण तर बोलके आहे. जॉर्जिया राज्यातल्या अथेन्सजवळ 1837 मध्ये गुलामीत जन्मलेली ही बाई. तिचा बायबलमधल्या प्रसंगांचा क्विल्ट 1886 साली तिथल्या कापूस मेळ्यात लागला होता. जेनी स्मिथ या चित्रकला शिक्षिकेने तो मागितला, पण बाईने तेव्हा नकार दिला. पुढे परिस्थिती बेताची झाली तेव्हा दहा डॉलर मागून पाचावर तडजोड केली. आज तो स्मिथसोनियन संस्थेत आहे आणि अमेरिकन क्विल्टच्या इतिहासात त्याच्याएवढे प्रसिद्ध नमुने मोजकेच. त्यात हाताचे टाके आहेत आणि यंत्राचेही आहेत. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या अमिश या ख्रिस्ती पंथातल्या लोकांच्या जुन्या क्विल्टचेही तेच: संग्राहक ज्यांना निर्भेळ हस्तकलेचा कळस मानत, त्यांचे तुकडे सर्रास पायट्याच्या यंत्रावर जोडलेले असत. 1980 च्या दशकात तर त्याच लँकेस्टरच्या दुकानांत अमिश म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक क्विल्टांवरचे हातशिवणीचे काम लाओसहून आश्रयाला आलेल्या ह्मोंग बायकांचे होते.

मग हाताचा हा दरारा आला कुठून? माझ्या मते तो बराचसा संग्रहालयांनी आणि बाजाराने मिळून उभा केला. 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांच्या संग्रहातले क्विल्ट अमूर्त चित्रांसारखे भिंतीवर टांगले. पलंगावरची वस्तू कलाकृती झाली, आणि कलाकृती म्हटले की एक कलावंत आणि त्याचा हात हे गृहीतक पाठोपाठ आले. या गृहीतकाची फजिती 1992 मध्ये झाली. स्मिथसोनियनने आपल्या संग्रहातल्या काही क्विल्टांच्या नकला चीनमध्ये करून विकायचा परवाना दिला होता. त्यात पॉवर्सबाईंचा क्विल्टही होता. अमेरिकन क्विल्टकरणींनी मोठा निषेध केला. या नकला हातशिवणीच्या होत्या, म्हणजे ज्या मूळ वस्तूत यंत्राचे टाके आहेत तिची नक्कल हाताने, कमी मजुरीत आणि निनावी. हात हेच मूल्य असते तर निषेधाला जागाच नव्हती. निषेध करणाऱ्यांना खुपली ती मजुरी आणि निनावीपण, आणि ते योग्यच होते. पण मग तोच निकष यंत्राच्या कामालाही लावायला हवा.

1989 मध्ये केंटकीतल्या पदुका गावच्या अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या स्पर्धेत कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या सूर्यग्रहणावरच्या क्विल्टला सर्वोत्तम क्विल्टचा मान मिळाला. यंत्राने क्विल्टिंग केलेल्या क्विल्टाला तिथे हा मान पहिल्यांदाच मिळत होता आणि गदारोळ व्हायचा तो झाला. तेव्हाचा आक्षेप आजही ऐकू येतो: यंत्र टाके घालते, माणूस नाही. ज्यांनी यंत्राखाली कापड मोकळ्या हाताने फिरवून एक साधे पान काढायचा प्रयत्न केला असेल, त्यांना हे पटणार नाही. पण फॅलर्ट यांनी आपलाच क्विल्ट घरगुती यंत्रावर केला होता. दुसऱ्यांसाठी काम करणाऱ्या बाईचे यंत्र वेगळे असते. त्याला लाँगआर्म म्हणतात. दहा-बारा फुटांची चौकट, तिच्यावर रूळ, रुळांवर अस्तर आणि टॉप वेगवेगळे गुंडाळलेले, मध्ये भरण सोडलेले. इथे कापड स्थिर राहते आणि लांब मानेचे यंत्रच चाकांवर पुढेमागे, डावी-उजवीकडे सरकते. दोन्ही मुठी धरून बाई यंत्राने चित्र काढते, किंवा मागच्या बाजूला उभी राहून कागदावर छापलेल्या नक्षीवरून प्रकाशाचा ठिपका फिरवते आणि पुढे सुई तीच रेघ शिवत जाते. हात वेगाने सरको वा सावकाश, टाक्याची लांबी सारखी राहावी यासाठी नियंत्रक असतो. गिऱ्हाइकाला एवढेच सांगितलेले असते की अस्तर टॉपपेक्षा चारही बाजूंनी तीन-चार इंच मोठे आणा.

दर चौरस इंचावर, काही सेंट. 80 बाय 90 इंचांचा क्विल्ट 7,200 चौरस इंचांचा होतो. दोन सेंट दर धरला तर 144 डॉलर. दोऱ्यावरच्या जुन्या दरात टाके जितके दाट तितके पैसे जास्त होते. क्षेत्रफळाच्या दरात दाट कामाचा भुर्दंड करणारीवर पडतो, म्हणून घर न्‌ घर वेगळी नक्षी मागितली की दरही वेगळा. या हिशेबात भाव फार थोर आहे असे नाही. यंत्राचे कर्ज, वीज, दोरा वजा जाता अनेकींच्या हाती बेताचेच उरत असणार. पण दर लिहिलेला आहे, पावती आहे आणि नाव आहे. मोठ्या प्रदर्शनांत टॉप कोणी केला आणि क्विल्टिंग कोणी केले, ही दोन नावे शेजारी शेजारी लागतात. केडनबाईंच्या काळात जे लपवावे लागले, ते आता पाटीवर लिहिले जाते. याचे श्रेय एकट्या यंत्राचे नाही, हे मान्य. पण स्वतःच्या नावाचे दुकान, स्वतःची अवजारे आणि स्वतःचे दरपत्रक असल्यामुळे ही बाई कोणाच्या दुकानाची मजूर उरली नाही, यात यंत्राचा वाटा मोठा आहे.

सगळ्यांत अवघड आक्षेप जुन्या टॉपांबद्दलचा आहे, आणि तो मी पूर्णपणे खोडू शकत नाही. आजीच्या पेटीत किंवा मोडीच्या बाजारात अर्धवट राहिलेले टॉप निघतात, 1930 च्या सुमाराचे तर पुष्कळ. पिठाच्या आणि खाद्याच्या छापील पिशव्या उसवून केलेले षटकोनी तुकडे, एकमेकांत अडकलेल्या कड्या. हे टॉप सपाट नसतात. कडेच्या पट्ट्या न मोजता लावलेल्या, तिरक्या धाग्याच्या कडा ताणल्या गेलेल्या, मध्ये फुगवटा. चौकटीवर ताणला की हे जादा कापड सुईपुढे गोळा होत होत शेवटी चुणी पडते. अनुभवी बाई आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने लाल रंग सुटतो का ते पाहते, सुटलेल्या शिवणी पुन्हा घालते, जाड लोकरीचे भरण निवडते म्हणजे फुगवटा त्यात बसतो, आणि झोळ असेल तिथे टाके दाट घालते. हे यांत्रिक काम नव्हे. पण संवर्धन करणारे म्हणतात ते खरे आहे: यंत्राचा टाका वरच्या आणि खालच्या दोऱ्याची गाठ मारत जातो, उसवायचा तर कापडाची चाळण होते. लोहक्षारात रंगवलेले जुने तपकिरी कापड आधीच विरलेले असते, त्याला हा ताण सोसत नाही. आणि 1880 च्या टॉपवर आजचे टाके पडले की ती वस्तू 1880 ची राहत नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकातले, ज्यांचा माग लागतो असे टॉप तसेच ठेवावेत, हा सल्ला मलाही मान्य आहे. मात्र तोच सल्ला 1930 च्या प्रत्येक टॉपला लावणे अतिरेकी आहे. मासिकांतल्या आणि भरणाच्या वेष्टनावरच्या नमुन्यांवरून ते गावोगाव झाले. करणारीने ते पांघरण्यासाठीच केले होते, पेटीसाठी नव्हे. टॉप अंदाजे कधीचा, करणारी अज्ञात, क्विल्टिंग कोणाचे आणि कोणत्या वर्षीचे, एवढे मागच्या पट्टीवर लिहिले की पुढच्या अभ्यासकाची फसगत होत नाही.

राहता राहिला संगणकाचा मुद्दा. आज लाँगआर्मला संगणक जोडता येतो. नक्षीची फाइल घातली, हद्द दाखवली की यंत्र आपले आपण शिवत जाते, बाई दोरा तुटतो का तेवढे बघते. क्विल्ट एकसारखे दिसू लागलेत, ही तक्रार खोटी नाही. गल्लोगल्ली तीच पिसे आणि तेच भोवरे. पण कामाची विभागणी इथे पुन्हा झाली आहे, एवढेच. नक्षी रचणारी व्यक्ती आता तिसरी असते आणि ती फाइल विकते. ॲलनहेड्सच्या निळ्या पेन्सिलीचे काम आता फाइल करते. गार्डिनर आणि सँडरसन यांची नावे तरी टिकली, त्यांच्या आखणीवर टाके घालणाऱ्यांची गेली. आता उलटे होऊ पाहते आहे: यंत्र चालवणारीचे नाव पट्टीवर येते आणि नक्षी रचणारीचे सहसा येत नाही, कारण फाइलचे पैसे एकदा चुकते झाले की तिचा हक्क संपला असे गिऱ्हाइकाला वाटते. स्पर्धांच्या अर्जात नक्षी कुठून घेतली हे विचारणारा रकाना असतो. घरच्या पलंगासाठी केलेल्या क्विल्टाला अर्ज नसतो, आणि लाँगआर्मवर येणारे बहुतेक काम त्याच क्विल्टांचे असते.